डाग कापला, बुरशी उरली

"पावाला बुरशी आली तर अख्खा फेकू नका. बुरशी म्हणजे बारीक वनस्पती, ओलाव्यातून आपोआप उगवते. डागाएवढा तुकडा कापा, उरलेला भाजा आणि फ्रीजमध्ये ठेवा, तिथे ती वाढत नाही." असा एक मेसेज फिरतोय. अन्न वाया जाऊ नये ही तळमळ मान्य. बाकीचं मात्र तपासून घ्यायला हवं.

वनस्पती? नाही. बुरशीत हरितद्रव्य नसतं आणि तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, तेच जे कीटकांच्या कवचात असतं. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या, त्यात कवकांची, म्हणजे बुरशीवर्गाची, सृष्टी वेगळी आहे. नात्याने तर ती झाडांपेक्षा आपल्याला जवळची.

आपोआपही ती उगवत नाही. हवेत तिचे बीजाणू, म्हणजे बियांसारखे सूक्ष्म कण, तरंगत असतातच, ओल मिळाली की रुजतात.

खरी गडबड 'डागाएवढा तुकडा' इथे आहे. पावावरची नेहमीची काळी बुरशी, रायझोपस, भिंगातून बघा (वास मात्र घेऊ नका). बीजाणूतून पांढरा तंतू निघतो, टोकाकडून वाढत जातो, त्याला फाटे फुटतात. काही तंतू हरळीसारखे पावावर आडवे धावतात. जिथे टेकतात तिथे मुळांसारखे धागे खाली उतरतात आणि तिथूनच वर दांडे उभे राहतात. दांड्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी, पण त्याहून बारीक गोळी, आधी पांढरी, मग काळी. ही बीजाणुधानी, आत हजारो बीजाणू. खालचे धागे पाचक रस सोडून पाव बाहेरच पचवतात आणि विरघळलेलं शोषून घेतात. तुम्हाला काळं दिसेपर्यंत हे जेवण बरंच उरकलेलं असतं, पुढची पिढी निघायच्या तयारीत असते. त्यात सुरीचा धक्का लागला की गोळ्या फुटून बीजाणू उरलेल्या पावावर!

जाता जाता, या काळ्या बुरशीत नर-मादी नसतात, 'धन' आणि 'ऋण' असे दोन प्रकार असतात. हे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्लेक्सली यांनी १९०४ मध्ये दाखवलं. दोन्हींचे तंतू भिडले की जाड कवचाचा युग्मबीजाणू बनतो आणि वाईट दिवस काढतो.

भाजल्याने तंतू मरतात, हे खरं. पण काही बुरश्यांचं विष मागे राहतं. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीत अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन निघालं. ते मोडायला २०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, भाजलेल्या पावाचा गाभा १००च्या आसपासच असतो. सगळ्याच बुरश्या विषारी नसतात, पण डागाच्या रंगावरून ते कळत नाही.

फ्रीजमध्ये वेग मंदावतो, इतकंच. पेनिसिलियम या बुरशीच्या कित्येक जाती ४ अंश सेल्सिअसलाही वाढतात.

कापून चालतं ते टणक चीज किंवा गाजर. घट्ट पदार्थात तंतू सहसा खोल शिरत नाहीत, म्हणून डागाभोवती आणि खाली अडीच सेंटीमीटर काढून टाकतात. पाव सच्छिद्र. त्यात तेवढं अंतर सोडायचं म्हटलं, तर स्लाइसमध्ये उरणार काय?