डॅशबोर्ड म्हणे आपोआप अपडेट होतो!

डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचा पडद्यावर दिसणारा रिपोर्ट, एकदा ऑनलाइन टाकला की पुढे डेटा आपला आपण येत राहतो, हे आमच्या साहेबांच्या डोक्यात कोणी भरवलं? सापडला तर त्याला महिनाभर माझ्या खुर्चीत बसवा. सोमवारच्या मीटिंगला पडद्यावर शुक्रवारचे आकडे दिसले की सगळ्यांच्या माना माझ्याकडे. "काय रे, तुझा डॅशबोर्ड बंद पडलाय." माझा? विक्री सेल्सची, टॅली अकाउंट्सची, कॉम्प्युटर आयटीचा आणि डॅशबोर्ड तेवढा माझा!

अहो, पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरचा रिपोर्ट असतो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, पण आपला डेटा पडलाय भोसरीच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर. क्लाउड तिथपर्यंत पोचतो तो त्या कॉम्प्युटरवर टाकलेल्या गेटवे नावाच्या प्रोग्रॅममधून. कॉम्प्युटर बंद किंवा स्लीपमध्ये गेला की गेटवे गप्प आणि रिफ्रेश, म्हणजे नवे आकडे ओढणं, फेल. म्हणून सीपीयूवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवलाय, 'बंद करू नये'. तरी शनिवारी निघताना कोणीतरी महाभाग तेवढाच एक बंद करून वीज वाचवतो. कॉन्फरन्स रूमचा एसी दोन दिवस चालू राहिला तर चालतं, बरं का.

टॅलीतून ओडीबीसीने, म्हणजे एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात डेटा नेणाऱ्या जोडणीने, थेट डेटा ओढायचा, तर टॅली उघडी हवी आणि आत कंपनी लोड केलेली हवी. अकाउंट्सचे काका सहाच्या ठोक्याला टॅली बंद करून डबा उचलतात. "काका, राहू द्या ना चालू." "आणि कोणी एन्ट्री फिरवली तर तू निस्तरणार का?" काकांचं चुकत नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

पण खरा संताप सेल्सच्या एक्सेलचा. पॉवर बीआयमधली डेटा वाचून साफ करणारी पॉवर क्वेरी कॉलम शोधते नावाने. 'पार्टी नेम' आहे तर 'पार्टी नेम'च लागतं, शेवटी एक स्पेस जास्त पडली तरी तिच्या लेखी तो कॉलम फाइलमध्ये नाहीच. आणि आमची मंडळी? एकाने 'पार्टी' केलं, दुसऱ्याने 'कस्टमर', तिसऱ्याने वरती दोन ओळी घालून, सेल मर्ज करून, पिवळ्या रंगात कंपनीचं नाव टाकलं. छान दिसतं म्हणे! रकमेच्या कॉलममध्ये '१,२०,०००/-'. ते '/-' दिसलं की प्रोग्रॅमच्या दृष्टीने तो आकडा उरत नाही, मजकूर होतो. एका पठ्ठ्याने तर रकमेच्या जागी 'उद्या सांगतो' लिहिलं होतं. कोणाला सांगणार, क्लाउडला?

तारखांचं तर विचारूच नका. एखाद्याच्या लॅपटॉपवर अमेरिकन पद्धत निवडलेली असते, की ५ एप्रिलची विक्री गेली ४ मे रोजी. बाराव्या तारखेपर्यंत सगळं असं गुपचूप उलटंपालटं होतं आणि तेरापासून पुढे तारीख ही तारीखच मानली जात नाही. आमच्याकडे यावर मेचं टार्गेट एप्रिलमध्येच गाठायला लागलो म्हणून टाळ्या वाजल्यात.

त्यात आयटीचा पासवर्ड बदलण्याचा सोहळा. सर्व्हरचा पासवर्ड बदलतात, मला कोणी कळवत नाही, गेटवे जुनाच पासवर्ड घेऊन दार वाजवत बसतो. लागोपाठ चार वेळा फेल झालं की ठरलेल्या वेळी रिफ्रेश करायचं शेड्यूलच बंद होतं. हे नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे, वाचायला मात्र मी एकटा. बरं, क्लाउडचं घड्याळ चालतं यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी साडेदहाला रिफ्रेश झालेल्या रिपोर्टच्या कोपऱ्यात 'शेवटचं अपडेट ५:००' दिसलं, तर साहेब म्हणाले, "पहाटेचं कशाला दाखवतोस, आत्ताचं दाखव." शेवटी फॉर्म्युल्यात साडेपाच तास हाताने मिळवले.

आता नवीन टूम निघाली आहे. साहेबांना दर पाच मिनिटांनी ताजे आकडे हवेत. आपल्याकडे आहे प्रो लायसन्स, त्यात शेड्यूलवर दिवसाला ८ रिफ्रेश. प्रीमियम घेतलं तरी ४८, म्हणजे अर्ध्या तासाला एक. वर नऊची वेळ लावली म्हणून नऊलाच सुरू होईल असं नाही, तासभर उशीर होऊ शकतो. हे सगळं नीट लिहून, प्रीमियमचं कोटेशन जोडून मेल केला. उत्तर आलं, "एवढा खर्च नको. तू बसलेलाच असतोस ना, दर पाच मिनिटांनी बटण दाबत जा."