कात्री कुणाच्या खर्चाला?

शनिवारी कट्ट्यावर आवाज चढले. आमच्यातल्या एकाने (नाव घालू नकोस म्हणाला, घालत नाही) खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि मांडीवर पसरला. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट. कार्डं दोन, मिळून थकबाकी लाखाच्या वर.

"सहा महिन्यांत एकही तारीख चुकवली नाही," तो म्हणाला. "तरी आकडा जागचा हलत नाही."

"भरतोस किती?" बँकवाल्याने विचारलं.

त्याने कागदावर एका जागी अंगठा ठेवला. अंगठ्याखाली लिहिलं होतं, किमान देय रक्कम.

बँकवाल्याने पेन मागितलं आणि कागद उलटा केला. तो नोकरीत रोज हेच बघतो, त्यामुळे समजावताना त्याचा आवाज मऊ होतो. "समज, बाकी 1,00,000 आहे. व्याज महिन्याला 3 टक्के, आणि किमान रक्कम बाकीच्या 5 टक्के. प्रत्येक कार्डाचं गणित थोडं वेगळं असतं, पण जात हीच. पहिल्या महिन्यात 3,000 व्याज चढलं, झाले 1,03,000. त्याचे 5 टक्के, म्हणजे 5,150 तू भरलेस. मुद्दल किती उतरलं? 2,150. पुढच्या महिन्यात बाकी जराशी कमी, म्हणून किमान रक्कमही जराशी कमी. तू खूश होऊन तेवढीच भरतोस. असे 32 महिने गेले की तुझ्या हातून साधारण 1,20,000 गेलेले असतात आणि निम्मं कर्ज अजून डोक्यावर असतं."

कुणी काही बोललं नाही.

"आता हेच 5,150 दर महिन्याला तेवढेच भरायचे. स्टेटमेंट कमी मागू दे, तू कमी भरायचं नाही. 30 महिन्यांत कर्ज साफ. आणि 8,000 भरलेस तर 16 महिन्यांत. फक्त एकच अट, कार्डावर नवीन खरेदी शून्य."

मला हा हिशोब तोंडी ऐकून पटला नाही, म्हणून घरी येऊन कागदावर महिना-महिना मांडला. बरोबर निघाला. रक्कम घटू न देता पहिल्या महिन्याइतकीच धरून ठेवली, एवढ्यानेच इतका फरक पडतो.

आमच्यातली एकजण गणित शिकवते, तिला सगळे बाई म्हणतात. ती म्हणाली, "छापलेला आकडाच माणसाला खाली ओढतो." इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या नील स्टुअर्ट यांचा 2009 सालचा प्रयोग तिने सांगितला. लोकांना कार्डाची नमुना बिलं दाखवून यातलं किती भराल असं विचारलं. काहींच्या बिलावर किमान रक्कम छापली होती, काहींच्या नव्हती. जे सगळं बिल फेडणार नव्हते, त्यांच्यात तो छोटा आकडा ज्यांनी पाहिला त्यांनी कमी भरायची तयारी दाखवली. "तेव्हा तू तो आकडा बघूच नकोस," बाई त्याला म्हणाली. "तुझा आकडा तू ठरव."

इथवर सगळ्यांचं एकमत होतं. खडाजंगी झाली ती पुढे. 5,150 चे 8,000 करायचे तर वरचे 2,850 आणायचे कुठून?

धाकटा म्हणाला, "काटकसरीने असं किती वाचणार? कमाई वाढव. नाहीतर कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज काढ आणि कार्डं एकदम मोकळी कर." बँकवाल्याने अर्धं मान्य केलं. व्याजदर खरंच बराच कमी असेल आणि प्रक्रिया शुल्क धरूनही परवडत असेल तर जरूर घ्यावं. पण त्याच्या डोळ्यांदेखत किती जणांनी असं कर्ज काढलं, कार्डं शून्यावर आणली आणि वर्षभरात तीच कार्डं पुन्हा भरली. मग दोन्हीकडचे हप्ते. कर्ज बदललं तरी महिन्याचा खर्च बदलावाच लागतो, हे बँकवाल्याचं म्हणणं मला पटलं.

काका म्हणाले, "आमच्या वेळी अंथरूण पाहून पाय पसरायचे."

काकांबद्दल मला आदर आहे, पण या म्हणीचा मला राग येतो, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला. ज्याच्या घरात आजारपण आलं त्याने कुठलं अंथरूण बघायचं? आमच्या मित्राच्या कर्जाची सुरुवात दवाखान्याच्या बिलानेच झाली होती. पुढे एका कार्डावरून रोख काढून दुसऱ्याची किमान रक्कम भरली, याची टोपी त्याच्या डोक्यावर. रोख काढली की शुल्क लागतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं, हे त्याला कळायला तीन महिने गेले. काका गप्प राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे तू आधी का नाही सांगितलंस रे?"

आणि मग मित्र सहज म्हणाला, "काटकसर मी सुरू केलीये. या महिन्यापासून बायकोच्या हातात घरखर्चाला देतो त्यात कपात केली."

बाईने कागद त्याच्या हातातून घेतला. "यातली खरेदी कुणाची आहे?"

"घराचीच की."

"ओळ-ओळ सांग."

त्याच्याकडे फोनवर तीन महिन्यांची स्टेटमेंट होती. बाई वाचत गेली, तो सांगत गेला आणि मी त्याच कागदावर ओळी उतरवून पेनने खुणा करत गेलो. फोन बदलला त्याचे हप्ते, त्याचे. टॅक्सी, बहुतेक त्याच्या, उशीर झाला म्हणून. मित्रांबरोबरचं बाहेरचं जेवणखाण, त्याचं, आणि त्यात आम्हीही होतो, हे लिहिताना जिवाला लागतं. चार सबस्क्रिप्शनं, त्यातली दोन चालू आहेत हे त्याला आठवतही नव्हतं. औषधं, घराची. मुलीची पुस्तकं, घराची. खुणा मोजल्या तर रकमेचा मोठा वाटा त्याच्या बाजूला होता. कपात मात्र झाली होती दुसऱ्या बाजूला.

"मग तिने काय बंद केलं?" बाईने विचारलं.

तो आठवत राहिला. "तिच्या चष्म्याचा नंबर वाढलाय. पुढच्या महिन्यात बघू म्हणाली. वाचताना कागद असा लांब धरते." त्याने हात लांब करून दाखवला, आणि तो हात तसाच थोडा वेळ राहिला.

माझं ठाम मत आहे, आणि त्या दिवशी मी ते मोठ्या आवाजात मांडलं: घरखर्चाला सरसकट कात्री लावली की ती ज्याचा आवाज सगळ्यात कमी त्याच्यावरच पडते. घरात जी महिन्याचा खर्च जमवते ती आधी स्वतःचं पुढे ढकलते, म्हातारी माणसं तपासणी टाळतात आणि कुणी तक्रार करत नाही. म्हणून पैसे जिथून गळले तिथेच आधी बूच बसवायचं, आणि ती जागा स्टेटमेंटमध्ये लिहिलेली असते. बँकवाला म्हणाला, भावनेचं सोड, रक्कम जमली पाहिजे. पण खुणा केलेल्या ओळींतून रक्कम जमतच होती! दोन विसरलेली सबस्क्रिप्शनं, निम्म्या टॅक्सी आणि आमच्याबरोबरचं बाहेरचं खाणं, एवढ्यात 2,850 च्या पुढे आकडा गेला. घरखर्चाला हात लावायची वेळच आली नाही.

बाईने अजून एक गोष्ट बजावली. कार्ड कपाटात ठेव, खर्च रोखीने कर. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांच्या बोलीची सरासरी रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट होती. वस्तू तीच, सामना तोच. आणि कार्डावर मागची बाकी असली की बहुतेक वेळा नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ही पुस्ती बँकवाल्याने जोडली.

कुठलं कार्ड आधी फेडायचं यावरही थोडं झालं. बँकवाला म्हणाला जास्त व्याजाचं, धाकटा म्हणाला छोट्या बाकीचं, एक तरी संपल्याने धीर येतो. मित्राचं छोट्या बाकीचं कार्डच जास्त व्याजाचं निघालं, वाद तिथेच मिटला. सगळाच पैसा कर्जात ओतू नये, अडीनडीसाठी थोडा बाजूला राहावा, नाहीतर पुढचं आजारपण पुन्हा कार्डावर जाईल, हे काकांनी सुचवलं आणि सगळ्यांनी मानलं.

मी एवढंच विचारलं, "घरी माहीत आहे का, एकूण किती आहे?"

त्याने मान हलवली. नाही.

काल तो पुन्हा आला. तोच कागद, आता घड्यांवर फाटायला आलेला. माझ्या खुणांच्या शेजारी वेगळं अक्षर होतं, गोल आणि टपोरं. बायकोने सगळ्या ओळी स्वतः तपासल्या होत्या, मी त्याच्या बाजूला टाकलेली एक ओळ 'ही माझी' म्हणून आपल्याकडे घेतली होती आणि माझी एक बेरीज दुरुस्त केली होती. किमान देय रकमेवर रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, 8,000, पगाराच्या दिवशीच.

"चष्मा?" बाईने विचारलं.

"परवा मिळणार आहे," तो म्हणाला. "रोखीने घेतलाय."