सगळं डिकीत आहे

गणपतीला स्वतःच्या गाडीने कोकणात जायचं म्हटलं, की सल्ल्यांना पूर येतो. ज्या मामांनी उभ्या आयुष्यात लाल एसटी सोडली नाही, तेही फोन करून "हवा बघून घे हो टायरातली" म्हणून बजावतात. सल्ले चांगलेच असतात. माझं भांडण डिकीशी आहे.

आधी रस्ता. पनवेलहून सरळ खाली गेलात तर मुंबई-गोवा महामार्ग. पूर्वी याचा नंबर १७ होता, आता ६६ आहे. नंबर बदलून झाला. चौपदरीकरण मात्र २०११ पासून सुरूच. दुसरा मार्ग पुण्यावरून कोल्हापूर गाठून फोंडा घाटाने कणकवलीला उतरायचा. अंतर जास्त, पण गणपतीत कोकणच्या गाड्यांना सरकार टोलमाफीचा पास देतं, आरटीओत किंवा पोलीस ठाण्यात मिळतो. वाचलेला टोल साताऱ्यात कंदी पेढ्यांवर खर्च होतो, त्यामुळे हिशोब तिथल्या तिथे मिटतो. आमच्याकडे या विषयावर दरवर्षी रात्री उशिरापर्यंत चर्चा होते आणि शेवटी आईला पेणचे पोह्याचे पापड घ्यायचे असतात म्हणून ६६ ठरतो.

आता हवा. हवा टायर गार असताना बघायची. भरल्या गाडीला किती लागते, ते ड्रायव्हरच्या दाराशी, खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेलं असतं. पंपावरच्या पोराला मात्र स्टिकरची गरज नसते. कुठलीही गाडी येवो, तो "बत्तीस टाकतो" म्हणतो आणि टाकतोही. आमच्या गाडीला भरल्यावर छत्तीस लागते असं मी त्याला म्हटलं, तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्याच्या आईच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणालो. मग त्याने विचारलं, "स्टेपनीत पण भरायची का?"

प्रश्न लाखमोलाचा. स्टेपनीतली हवा कोणी बघत नाही. ती आठवते थेट पंक्चर झाल्यावर, तेव्हा स्टेपनीही बसलेली असते. पण स्टेपनी असते डिकीच्या तळाशी. तिच्यावर गालिचा. गालिच्यावर घडीचं मखर, त्यावर पाट, पाटावर दोन बॅगा, बॅगांवर जुन्या साडीत गुंडाळलेलं मोदकपात्र, फटीत कोंबलेल्या झांजा आणि सगळ्यांच्या वर आईची एक पिशवी, जिच्यात काय आहे हे विचारायचं नसतं.

"बांधलेलं सामान सोडू नये," मागच्या सीटवरून आई म्हणाली.

सोडलं. पंपावर, मागे हॉर्न वाजत असताना. रांगेतला एक अनोळखी सज्जन मोदकपात्र छातीशी धरून उभा राहिला आणि त्याच्या बायकोने झांजा सांभाळल्या. स्टेपनीत हवा किती निघाली? अठरा. पोराने तिथेही बत्तीस टाकली.

तर, डिकी रिकामी असते तेव्हाच, म्हणजे आदल्या दिवशी, स्टेपनी, जॅक आणि पाना बघून घ्यावा. आमच्या आदल्या दिवशी डिकी रिकामी नसते. ती आदल्या आठवड्यापासून भरत येते.

उलटीच्या गोळीचंही तेच. ती निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते. आमच्याकडे तिचा शोध वडखळ ओलांडल्यावर, भाच्याचा चेहरा हिरवा पडला की सुरू होतो. गोळी अर्थात औषधांच्या डब्यात, डबा बॅगेत, बॅग मोदकपात्राखाली. छत्र्यांचं काय ते तुम्ही ओळखलंच असेल.

पावसाची तयारी वेगळी. वायपरची रबरं उन्हाळ्यात कडक होऊन बसतात. ती आधीच बदलावीत, नाहीतर काचेवर पाणी पुसण्याऐवजी पसरतं. काच आतून धुरकटली तर एसी लावून झोत काचेवर सोडायचा. एसी हवेतला दमटपणा काढतो आणि काच साफ होते. हे शास्त्र झालं. गाडीत आत्या असतील तर शास्त्र चालत नाही. "एसी बंद कर बाबा, खांदा धरतो." एसी बंद, काच पांढरी. मी फडक्याने पुसतोय, आत्या "समोर बघ, समोर बघ" म्हणतायत. समोर फडकं.

माणगाव. इथे गाडी चालवावी लागत नाही, गाडीत नुसतं बसावं लागतं. तेव्हा चहा पनवेललाच आवरता घ्यावा, विशेषतः मोठ्यांनी. गावाहून काकांचा फोन आला, "खंय पोचलास?" माणगाव म्हटल्यावर पलीकडे काकूंना ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं, "दुपारचा भात कमी लाव गो!"

परतीच्या दिवशी काकांनी स्वतः डिकी भरायला घेतली. तांदूळ, सुरण, आमसुलं, नारळ. गालिचा उचलला आणि स्टेपनीकडे बघून मान हलवली.

"हय बघ, केवढी जागा फुकट घालवलंस! ह्या चाकाच्या पोटात चार नारळ सहज रवतले."

चार नाही, पाच राहिले.