चष्म्यानं नंबर वाढतो म्हणणाऱ्या दादांना

दादा, मायनस नंबर (म्हणजे लांबचं धूसर दिसणं) आटोक्यात राहावा म्हणून लेकरांना बाहेर उजेडात खेळू द्या असं मी लिहिलं होतं, अ‍ॅट्रोपिनच्या थेंबाचंबी लिहिलं होतं. त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता पोराला दुसरीत मायनस सव्वाचा चष्मा लावला अन् वर्षात दोन झाला, म्हणजे चष्म्यानंच डोळे बिघडवले, नंबर जरा कमीच द्यायचा होता, अन् मी उगं डॉक्टरांची दुकानदारी चालवायलोय. वरून "लातूरच्या 42 डिग्रीत लेकरू बाहेर कुठं पाठवता?"

दुकानदारीचं सोडा. कमी नंबरचा उद्योग मी स्वतः करून बसलोय. लेक तिसरीत असताना चष्मेवाल्याला म्हणलं अर्धा कमीच टाका, त्यानंबी टाकला. वर्षभर ती बसस्टँडवर डोळे बारीक करून एसटीची पाटी बघायची, गाडी पुढ्यात आली की मग "पप्पा, ही अंबाजोगाईची!" अन् नंबर? वाढलाच की. नंतर कळलं, 2002 मधे एक अभ्यास छापून आला, मलेशियात काही लेकरांना मुद्दाम पाऊण नंबर कमी देऊन दोन वर्षं बघितलं होतं, त्यांचाच उलट जास्त वाढला.

नंबर वाढतो तो डोळा मागं लांबत जातो म्हणून. एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच-तीन नंबर. चष्मा फक्त अलीकडं पडलेलं चित्र डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेऊन ठेवतो. लेकराच्या चपला दरवर्षी लहान होतात, चपलेनं पाय वाढला म्हणतो का आपण?

उन्हाचं मात्र तुमचं खरंय, मी ते नीट लिहिलंच नव्हतं. दुपारी बाराला कुणी पाठवा म्हणत नाही. डोळ्याला ऊन नको, उजेड पाहिजे, अन् लिंबाच्या सावलीतबी क्लासच्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट उजेड असतो. सकाळी नऊच्या आत अन् पाचनंतर खेळू द्या. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या पोरांना शाळेतच रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढलं, तीन वर्षांत नवा मायनस नंबर 30 टक्के पोरांना लागला, बाकी शाळांत जवळजवळ 40. लागलेल्या नंबरवर याचा जोर कमी चालतो हेबी सांगतो, म्हणून घरात धाकटं असंल तर त्याच्यापासून सुरू करा.

अ‍ॅट्रोपिनच्या थेंबाला तुम्ही जाहिरात म्हणलात. ते डोळ्यात टाकायचं औषध आहे, कमी ताकदीच्या त्या थेंबानं नंबर वाढायचा वेग कमी होऊ शकतो, चष्मा सुटत नाही, अन् द्यायचे का नाही ते डोळ्याच्या डॉक्टरनंच ठरवायचं.

एक विचारायचं राहिलं. दोन्ही वेळेस नंबर काढताना बाहुली मोठी करायचे थेंब टाकले होते का? लेकरं जोर लावून बघतात, थेंबाशिवाय मायनस फुगून येऊ शकतो. टाकले नसतील तर सव्वाचे खरंच दोन झाले का तेच आधी बघून घ्या, जाताना जुना कागद घेऊन जा.