आधी झेरॉक्स, मग हेल्मेट

मोठ्या साइटवर काम मिळालं? अभिनंदन! वडाळ्याच्या एका टॉवरमध्ये फायर लाइनच्या पाइपचं काम मिळालं तेव्हा मीही पेढे वाटले होते. वर्क ऑर्डर हातात आली, मालद्याहून निघालेली माझी अकरा माणसं कुर्ला टर्मिनसला उतरली, आणि सेफ्टीचे कागद पास झाल्याशिवाय गेट उघडत नाही म्हणून पुढचे सहा दिवस गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसली. चहाचं बिल माझं, हजेरीही माझी. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून अनुभवाचे चार बोल.

वेल्डर नंतर शोधा, आधी टायपिंगवाला पोरगा शोधा. वेल्डर कुठेही मिळतो. मेथड स्टेटमेंट (काम कसं करणार ते), जेएसए (कामाच्या प्रत्येक पायरीतला धोका) आणि हिरा एका रात्रीत पाडून देणारा पोरगा मिळायला पुण्याई लागते.

हिरा म्हणजे हॅझार्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट. कामात धोका कुठे, तो घडायची शक्यता किती, घडला तर नुकसान किती, दोन्हींचा गुणाकार, आणि त्यावर उपाय. चांगली गोष्ट आहे, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, बावीस वर्षं हेच काम करतोय, आपणच लिहू. भाबडा माणूस. रात्री बसून तीन पानं लिहिली. पाइप वर नेणाऱ्या शाफ्टचं, म्हणजे उभ्या पोकळीचं, तोंड उघडं असतं, माणूस आत पडू शकतो. गॅस कटिंगची ठिणगी चार मजले खाली जाते, तिथे कुणाचा थर्माकोल पडलेला असतो. सिलिंडर उभा बांधलेला हवा, आग नळीतून उलटी जाऊ नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर दोन्ही टोकांना हवा. काम संपल्यावर अर्धा तास एक माणूस तिथेच थांबलेला हवा, कारण आग लगेच लागत नाही, आपण जेवायला गेल्यावर लागते.

साइटच्या सेफ्टी ऑफिसात नापास. "फक्त तीन पानं? निदान पंचवीस तरी पाहिजेत."

मग पोराने पेनड्राइव्हमधून कुठल्याशा बोगद्याच्या कामाचा हिरा काढला, वरचं नाव बदललं, आणि अठ्ठावीस पानं रंगीत प्रिंट मारून दिली. त्यात बोगद्यात पाणी शिरणं होतं, विषारी वायू होता, सर्पदंशही होता. सतराव्या मजल्यावर सर्पदंश! शाफ्टच्या उघड्या तोंडाबद्दल अक्षर नव्हतं. त्यावर एकच शेरा आला: फुटरमध्ये रिव्हिजन 03 आहे, 04 करा. केलं. पास. त्या अठ्ठावीस पानांतलं एकही पान कुणी वाचलेलं नाही हे मी स्टॅम्प पेपरवर लिहून देतो, तेवढा एकच कागद त्यांनी अजून मागितलेला नाही.

शिक्का कायम खिशात ठेवा.

सही निळ्या शाईने. काळी केली की झेरॉक्स वाटते म्हणे.

विम्याचं डोकं लावू नका. ज्याला ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू आहे त्याला त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी कामगार भरपाई मागता येत नाही. हे बोलून दाखवू नका. ईएसआयचं चलनही जोडा आणि डब्ल्यूसी, म्हणजे कामगार भरपाईची, पॉलिसीही जोडा. महाराष्ट्रात कंत्राटी कामगारांचं लायसन्स पन्नास माणसांपासून पुढे लागतं हेही बोलू नका. तुमची अकरा असली तरी वरची एकोणचाळीस तुमच्या मनात असतील, असं गेटवाला धरून चालतो.

उंचीवर काम करायचं तर हाइट पास लागतो. दोन ब्लॉकवर फळी टाकलेली असते, जमिनीपासून दीड फूट. त्यावरून चालून दाखवलं की माणूस चाळीसाव्या मजल्याला पात्र.

टूलबॉक्स टॉकचं, म्हणजे रोज कामाआधी सुरक्षेचे दोन शब्द सांगायचे त्याचं, रजिस्टर सोमवारीच आठवड्याचं भरून टाका, कारण शनिवारी ऑडिट असतं. आमच्या रजिस्टरला रविवारीही अकरा सह्या आहेत. रविवारी साइट बंद असते. त्यातले चार अंगठे एकाच माणसाचे आहेत, आणि तो माणूस मी.

हॉट वर्क परमिट, म्हणजे वेल्डिंग-कटिंगची परवानगी, सकाळी आठला मागा. सहीवाले साहेब अकराला येतात. सहाला परमिट संपतं.

आणि 4 मार्चला सुरक्षा सप्ताह सुरू झाला की पांढरा शर्ट घाला, शपथ मोठ्याने म्हणा, फोटोत पुढे उभे राहा. 1966 साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, तेव्हापासूनचा... असो.

गेल्या गुरुवारची गोष्ट सांगतो. सतरावा मजला. शाफ्टमध्ये स्कॅफोल्ड, म्हणजे परांची, त्यावर आदल्या दिवशीच्या तारखेचा हिरवा टॅग, म्हणजे तपासून ठीक. मधली रेलिंग नाही, पायाशी टो बोर्डची फळी नाही, खाली जाळी नाही. माझा वेल्डर हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षा पट्टा, घालून उभा. नवा कोरा, आयएस 3521 चा, दोन हुकांचा. तो मला विचारतो, "सेठ, हुक किधर लगाऊँ?"

मी बघितलं. लावायला जागाच नव्हती.

सेफ्टीवाल्या पोराला बोलावलं. तो म्हणाला, हार्नेस इश्यू रजिस्टरला सही आहे ना? मग हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली नाही म्हणून पाचशेची पावती फाडून गेला. त्या पोरावर राग नाही. चोवीस-पंचवीसचा असेल, संध्याकाळपर्यंत त्याला चाळीस फोटो ग्रुपवर टाकायचे असतात. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पाचशे कामगार झाले की सेफ्टी ऑफिसर नेमा म्हणून सांगितलं होतं. तो माणूस साइट फिरून बघेल म्हणून सांगितलं होतं, फायली लावेल म्हणून नाही.

मी नागदेवी स्ट्रीटवरून माझ्या पैशाने वायर रोप आणली, क्लॅम्प आणले, हुक अडकवायला दोन कॉलमना लाइफलाइन बांधली. दुसऱ्या दिवशी काढायला लावली. टेस्ट सर्टिफिकेट नाही म्हणून.

सर्टिफिकेट मागा ना, मागितलंच पाहिजे. पण बुधवारपर्यंत तिथे काहीच नव्हतं, त्याचं सर्टिफिकेट कुणी मागितलं होतं? तो हिरवा टॅग कुणी लावला, कुठे बसून लावला? लाज वाटत नाही का हो, कंपनीवाल्यांनो? माणूस खाली पडल्यावर कोर्टात दाखवायला तुम्ही आमच्याकडून पाचशे पानं जमवता, आणि तो पडू नये म्हणून आडवा पाइप टाकायचा तर तुमच्याकडे "बजेट नाही". आणि आपण पेटीवाले, म्हणजे छोटे कंत्राटदार, काय कमी आहोत? बिल अडकेल, बिलातून राखून ठेवलेलं रिटेन्शन अडकेल, म्हणून मुकाट अंगठे उठवतो. मीच उठवलेत.

रोपचं सर्टिफिकेट यायला चार दिवस लागतील म्हणाले. माणसं परत टपरीवर आहेत.