'सगळ्या थेरपी एकत्र घ्या' म्हणणाऱ्यांना

खाण्याच्या विकारांबद्दल एक मेसेज सध्या फिरतोय: 'सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारी थेरपी) फक्त लक्षणं दाबते. खरं कारण मनात खोल असतं, ते सापडलं की खाणं आपोआप सुधारतं. म्हणून जितक्या थेरपी एकत्र घ्याल तितकं लवकर बरं व्हाल.'

आधी मधलं वाक्य घेतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. कोपनहेगनमध्ये बुलिमियाच्या (बेभान खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढायचं, असा विकार) 70 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये आले. एका गटाला दोन वर्षं दर आठवड्याला मनोविश्लेषणाची, म्हणजे मनातली खोल कारणं शोधणारी थेरपी, दुसऱ्याला पाच महिन्यांत सीबीटीची 20 सेशन्स. दोन वर्षांनी बेभान खाणं आणि उलट्या काढणं पहिल्या गटात 15 टक्के जणांचं थांबलं होतं, दुसऱ्यात 44 टक्क्यांचं. मनाचा तळ ढवळला, ताट तसंच राहिलं. अर्थात 44 म्हणजे निम्मेही नाहीत. म्हणूनच 'अजून काहीतरी जोडू या' असं वाटतं, आणि ते मला समजतं.

'लक्षणं दाबते'? बुलिमियात लक्षणच आजार चालू ठेवतं. दिवसभर कडक डाएट, मग ताबा सुटतो, मग उलटी, मग अपराधी वाटून आणखी कडक डाएट. वेळच्या वेळी खाणं सुरू झालं की हे चक्र तुटायला लागतं.

राहिलं 'जितक्या जास्त तितकं बरं'. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ फेअरबर्न यांच्या गटाने खाण्याच्या विकारांच्या 154 रुग्णांवर हेच तपासलं (2009). साध्या सीबीटीला परिपूर्णतेचा हट्ट, खालावलेला आत्मसन्मान, नात्यांतले ताण यांवरचं काम जोडून पाहिलं. एकूण निकालात फरक नाही. ज्यांना हे त्रास मुळात फार होते, त्यांना जोड उपयोगी पडल्यासारखी दिसली. बाकीच्यांना साधीच बरी. म्हणजे जोड द्यायची ती रुग्ण पाहून.

शिवाय काही पद्धती एकमेकींच्या उलट चालतात. सीबीटीत रोज काय खाल्लं त्याची नोंद ठेवायची. बुलिमियासाठीच्या आंतरवैयक्तिक थेरपीत (जी नात्यांतल्या अडचणींवर काम करते) खाण्याचा विषय मुद्दाम बाजूला ठेवतात. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं फार कमी करण्याचा विकार) झालेल्या किशोरवयीन मुलीच्या कुटुंब-आधारित उपचारात सुरुवातीला जेवणाची सूत्रं आईवडिलांच्या हाती जातात. त्याच आठवड्यात दुसरा थेरपिस्ट तिला 'तुझं तू ठरव' म्हणाला, तर संध्याकाळी जेवायला बसल्यावर ती कोणाचं ऐकेल हे वेगळं सांगायला नको.