‘वांझ’ हा शब्द मागे घेते, हिशेब नाही

ताई, पेडण्याहून आलेली तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ‘ला फ्रान्स’ जातीच्या गुलाबाला मी लेखात गुणसूत्रांच्या हिशेबावरून वांझ ठरवलं, पण तुमच्या झाडाला डिसेंबरात एक फळ धरलं. शिवाय गोव्यात गुलाब फळत नाही तो पावसाने फुलं कुजतात म्हणून. त्यात गुणसूत्रांना कशाला ओढायचं?

‘वांझ’ शब्द चुकलाच, लेखात दुरुस्त करते. पण तुमचं ते एकुलतं फळ माझ्याच बाजूने साक्ष देतं. गुलाबाचा मूळ संच सात गुणसूत्रांचा. चिनी गुलाबात १४ म्हणजे दोन संच, गॅलिका नावाच्या गुलाबात २८ म्हणजे चार आणि १८६७ च्या ‘ला फ्रान्स’मध्ये २१, म्हणजे तीन संच. पराग किंवा बीजांड घडताना गुणसूत्रं जोडीने उभी राहतात नि एकेक दोन्हीकडे वाटली जातात. इथे दर जोडीमागे तिसरं एक उरतं, ते कुठल्याही बाजूला जातं. अशी सातही उरलेली एकाच बाजूला गेली तरच ७ आणि १४ अशी पुरी वाटणी होते. नाणं सात वेळा उडवावं आणि सातही वेळा एकच बाजू पडावी, तसं. ढोबळ मानाने ६४ त एकदा! एरवी ९, ११, १२ असली अर्धीमुर्धी भरती, आणि ती बहुतेक वाया जाते. तुमचं फळ राखलं असेल तर चिरून बिया मोजा. मला तो आकडा खरंच हवा आहे.

‘विषम संख्या म्हणजे फळ नाही’ हेही मी घाईने लिहिलं. युरोपातला रानगुलाब, रोझा कॅनिना, ३५ गुणसूत्रांचा, तरी फळांनी लगडतो. त्याच्यात सातच जोड्या जुळतात, बिनजोडीची २१ सगळी बीजांडात जातात. परागात ७, बीजांडात २८, बेरीज पुन्हा ३५. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर कागदावर आकडे मांडत बसले होते.

पाऊस फुलं कुजवतो, हे आम्ही फोंड्यातही दरवर्षी बघतो. पण आपल्या परसातली अबोली बघा. गावठी अबोलीची बोंडं पावसाच्या थेंबानेच तडकतात आणि बी अंगणभर उडतं. तिच्याशेजारी लावलेली दिल्ली अबोली तीन संचांची. पाऊस तोच, माती तीच, पण ती बी धरत नाही. दरवेळी फाटे लावूनच वाढवावी लागते.